अनंत वाढीचा दावा वहीत कसा तपासाल

चौकटीची वही, पेन्सिल आणि साधा कॅल्क्युलेटर एवढं पुरतं. बावीस वर्षं मी कंपन्यांचे हिशेब तपासते आहे. मर्यादित पृथ्वीवर अर्थव्यवस्था कायम वाढत राहील का, हा वाद लोक घाईघाईने ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणून संपवतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. यातला बराचसा भाग मोजता येतो.

सुरुवात एककापासून करा. ‘वाढ’ हा शब्द दिसला की शेजारी लिहा: कशाची? जीडीपी, म्हणजे सकल देशांतर्गत उत्पादन, पैशात मोजतात, खाणीतून निघतं ते टनांत, वीज युनिटांत. पैशाचा आणि टनांचा रकाना वेगळाच ठेवा. आणि सकल उत्पादनातल्या ‘सकल’पाशी थांबा. सकल म्हणजे घसारा, म्हणजे वापराने होणारी झीज, वजा न केलेलं. एखाद्या कंपनीने गोदामातला माल विकून आलेली सगळी रक्कम नफा म्हणून दाखवली, तर मी त्या ताळेबंदावर सही करणार नाही. जंगल तोडून लाकूड विकलं की जीडीपीत मात्र विक्री जमा होते. उभं जंगल घटलं ते त्या आकड्यातून वजा होत नाही. राष्ट्रीय उत्पन्नाच्या मोजणीचा पाया घालणाऱ्या सायमन कुझनेट्स यांनी 1934 मध्येच अमेरिकी काँग्रेसला बजावलं होतं, की या आकड्यावरून देशाचं कल्याण जोखता येणार नाही.

मग दुप्पट व्हायला लागणारा काळ काढा. 70 ला वाढीच्या टक्क्यांनी भागा. वर्षाला 3 टक्के असतील तर साधारण 23 वर्षं. नुसतं वाचून हे अंगात मुरत नाही, म्हणून हाताने करा. मी भाचीला घेऊन बसले होते. तिच्या वहीच्या पानावर अकराशेच्या आसपास चौकटी होत्या. आधी एक रंगवली, मग दोन झाल्या, चार, आठ. नवव्या दुपटीला 512 झाल्या तेव्हा ती म्हणाली, “मावशी, अजून अर्ध्याहून जास्त पान कोरं आहे.” दहाव्या दुपटीला पान जवळजवळ संपलं. 3 टक्क्यांनी तिथवर पोचायला 230 वर्षं लागतात, आणि त्यातली पहिली 207 वर्षं जागा भरपूर आहे असंच दिसत राहतं.

आता समोरच्यांची, म्हणजे वाढ थांबणार नाही म्हणणाऱ्यांची बाजू लिहा, आणि पूर्ण ताकदीने लिहा. ते म्हणतात, पैसा वाढायला टन वाढावेच लागतात असं नाही. हे खरं आहे. टंचाईची भीतीही चुकू शकते: 1980 मध्ये अर्थतज्ज्ञ ज्युलियन सायमन आणि जीवशास्त्रज्ञ पॉल एर्लिक यांनी पाच धातूंच्या किमतींवर पैज लावली. महागाई वजा जाता किमती चढतील असं एर्लिक म्हणत होते; 1990 मध्ये त्या उतरलेल्या निघाल्या आणि सायमन जिंकले. ब्रिटनची अर्थव्यवस्था 1990 नंतर बरीच वाढली, तरी देशाच्या हद्दीतलं कार्बन उत्सर्जन जवळपास निम्म्यावर आलं. असे दाखले गाळले तर तुमची वही एकतर्फी होईल.

पण तपासणी खरी इथून पुढे आहे. ‘दर रुपयामागे कमी’ आणि ‘एकूण कमी’ हे दोन रकाने पाडा. अर्थव्यवस्था 3 टक्क्यांनी वाढली आणि दर रुपयामागचा माल 2 टक्क्यांनी घटला, तरी एकूण माल वर्षाला जवळजवळ 1 टक्का वाढतो आणि सत्तरेक वर्षांत दुप्पट होतो. जगाचा आकडा पाहा: 1970 मध्ये पृथ्वीतून काढलेलं खनिज, इंधन, वाळू-दगड आणि जैविक पदार्थ मिळून सुमारे 30 अब्ज टन होते, आता 100 अब्ज टनांच्या आसपास आहेत. एका देशाने टन कमी केले असतील. जगाचे झालेले नाहीत. एखादा देश दाखवला गेला, तर आयात मालामागचं उत्सर्जन धरलंय का, हेही विचारा.

काटकसरीलाही तळ असतो. अॅल्युमिनापासून, म्हणजे शुद्ध केलेल्या खनिजापासून, किलोभर अॅल्युमिनियम काढायला आज 13-14 युनिट वीज लागते, आणि निसर्गनियमानुसार सुमारे 6 युनिटांच्या खाली जाता येत नाही. ऊर्जेचा एकूण हिशेब तर थक्क करणारा आहे. माणूस आज सुमारे 20 टेरावॉट (एक टेरावॉट म्हणजे एक लाख कोटी वॉट) वापरतो, पृथ्वीवर सूर्याकडून सुमारे 1,73,000 टेरावॉट येतात. वापर वर्षाला 2.3 टक्क्यांनी वाढला तर साधारण 400 वर्षांत आपण पृथ्वीवर पडणाऱ्या सगळ्या उजेडाएवढी ऊर्जा वापरत असू. म्हणजे ऊर्जेची वाढ कुठेतरी थांबणारच. पैशाची थांबेल का, याचं उत्तर मी देत नाही. मात्र जो म्हणतो थांबणार नाही, त्याला विचारा: टन तेवढेच ठेवले तर 3 टक्क्यांच्या वाढीने, म्हणजे दहा दुपटींनंतर, 230 वर्षांनी दर किलोमागे आजच्या हजारपट मूल्य कशातून येईल?

शेवटचं पान पर्यावरणाचा विचार करणारे अर्थतज्ज्ञ हर्मन डेली यांच्या तीन कसोट्यांसाठी ठेवा. पुन्हा उगवणारं, ते उगवण्याच्या वेगापेक्षा जास्त काढताय का? संपणारं, त्याला पर्याय उभा राहण्याआधीच उपसताय का? कचरा, निसर्गाला पचेल त्याहून जास्त टाकताय का? फॉस्फरसपाशी दुसऱ्या प्रश्नावर अडाल, कारण पिकांना त्याची जागा दुसरं काही घेत नाही.

आणि ज्या घरात अजून दिवा नाही, दवाखाना लांब आहे, तिथली वाढ वेगळ्या रंगाने लिहा. ती थांबवा असं माझी वही कुठेही सांगत नाही. झालेले आकडे शाईने, अंदाज पेन्सिलने, आणि वही दरवर्षी त्याच महिन्यात पुन्हा उघडा.