एक्स्ट्रॅक्टरवर ठपका ठेवण्याआधी

पिस्तूल अडलं की मी आधी पुंगळीच्या, म्हणजे झाडलेल्या काडतुसाच्या रिकाम्या कवचाच्या, बुडाची कड बघतो. पुंगळी चेंबरमध्येच (बॅरलच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या पोकळीत) राहिली असेल आणि तिच्या कडेवर ओरबाडा असेल, तर एक्स्ट्रॅक्टरने, म्हणजे कडेला नख अडकवून पुंगळी बाहेर ओढणाऱ्या भागाने, जीव तोडून ओढलं आहे. दोष चेंबरमध्ये शोधा, तिथे काजळी किंवा खरखरीतपणा असतो. कड कोरी असेल तर नख घसरलंय किंवा तुटलंय.

दुसरी खूण न झाडलेल्या काडतुसाची. झाडल्यावर चेंबरमधला उरलेला दाबच पुंगळीला मागे रेटतो, त्यामुळे मोडक्या नखाचं पिस्तूलही कधीकधी दिवसभर बिनबोभाट चालतं. भरलेल्या काडतुसाला मात्र मागून रेटणारं काही नसतं. स्लाइड (पिस्तुलाचा वरचा, मागेपुढे सरकणारा भाग) ओढल्यावर ते आतच राहिलं, तर समजा नख गेलं.

पुढच्या तपासासाठी मॅगझिन (काडतुसांची पेटी) काढा, चेंबर डोळ्यांनी बघा, बोटानेही चाचपा. खरी काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. इथे घाई मला अजिबात खपत नाही.

कोल्ट १९११ या जुन्या अमेरिकी पिस्तुलाच्या पद्धतीच्या पिस्तुलात एक्स्ट्रॅक्टर म्हणजे स्लाइडच्या आत बसलेली पोलादाची लांब पट्टी. तिला वेगळी स्प्रिंग नाही; तिचा स्वतःचा बाकच स्प्रिंगचं काम करतो. मॅगझिनमधून वर येणाऱ्या काडतुसाची कड खालून नखाखाली सरकावी, अशी ही रचना. मी हे न कळता कित्येक महिने एकेक काडतूस हाताने चेंबरमध्ये टाकून वरून स्लाइड सोडत होतो. दर वेळी नखाला कडेवरून उडी मारावी लागे. शेवटी बाक सैलावला आणि पुंगळ्या स्लाइडमध्ये उभ्या अडकू लागल्या. तेव्हापासून एकच काडतूस भरायचं असलं तरी मी ते मॅगझिनमधूनच भरतो.

बाक तपासायला स्लाइड सुटी करून बॅरल काढा. डमी (दारू नसलेलं, नकली) काडतूस खालून नखाखाली सरकवा आणि स्लाइड हलकेच हलवा. काडतूस टिकलं पाहिजे. पडलं तर पट्टी काढून अगदी थोडी वाकवा, पुन्हा बसवून बघा. एका दमात जास्त वाकवलीत तर काडतूस वर चढताना अडतं आणि स्लाइड पुरती मिटत नाही. हा दोष पहिल्यापेक्षा जास्त छळतो. नखाचं टोक काडतुसाच्या कडेपुढच्या खाचेच्या उतारावर टेकता कामा नये, आणि खालची कडा किंचित गोलसर हवी. पट्टी जागच्या जागी फिरत असेल तर मागची फायरिंग पिन स्टॉप, म्हणजे तिला मागून धरून ठेवणारी छोटी पाटी, सैल आहे. ती घट्ट बसणारी घ्या. बाक कितीही नीट असला तरी फिरणारं नख भरवशाचं नाही.

ग्लॉक, बेरेटा ९२ यांचं नख बाहेर असतं, स्वतंत्र स्प्रिंगवर. ब्राउनिंग हाय-पॉवरही १९६०च्या दशकात आतल्या नखावरून बाहेरच्यावर आलं. अशा पिस्तुलांत काही वाकवायचं नसतं आणि डमीची चाचणीही तितकी निर्णायक नाही. झिजलेलं नख आणि दमलेली स्प्रिंग सरळ बदला. स्प्रिंगच्या नळीत तेल सोडू नका, त्यात काजळी आणि पितळेचा चुरा साचून लगदा होतो.

नखाखालचा कोपरा मी लाकडी दातकोरणीने उकरतो. ब्रश तिथे पोचत नाही.