दिवसभर न सुटणारा ऑफिसचा अंबाडा
लांब केसांचा अंबाडा दुपारपर्यंत घसरतो तो आकडे (यू आकाराच्या पिना) कमी पडल्यामुळे नव्हे, बहुतेकदा ते चुकीचे खोचल्यामुळे. केस आदल्या दिवशी धुतलेले बरे. नुकते धुतलेले केस निसरडे असतात. ओले तर बांधूच नका, वाळताना पीळ ढिला पडतो आणि आत कुबट वास धरतो.

मानेच्या वर दोन बोटं जागा सोडून कापडी रबराने पोनी बांधा, तिची तीनपेडी वेणी घाला आणि रबराभोवती गुंडाळा. नुसत्या पिळापेक्षा वेणी टिकते, कारण पेड एकमेकांना धरून राहतात. आता आकडा. टोकं बाहेरच्या बाजूला ठेवून अंबाड्याच्या कडेचे थोडे केस पकडा, मग आकडा उलटवून टोकं मध्याकडे, रबराखाली सरकवा. असे चार-पाच पुरतात, दाट केसांना सहा-सात. टोचतोय म्हणजे आकडा सरळ डोक्याकडे घुसलाय. काढून आडवा घाला.

कानामागच्या बटांना बॉबी पिन लावताना नागमोडी बाजू डोक्याकडे हवी (उलटी लावणाऱ्याच जास्त). उंच पाठीच्या खुर्चीत टेकून बसायची सवय असेल तर अंबाडा थोडा बाजूला घ्या.