अमेरिकेतून सोलापूर, भर मे महिन्यात: आधी काय करायचं, पावसावर काय टाकायचं

सगळे सांगतात उन्हाळ्यात येऊ नका, डिसेंबर-जानेवारीत या, हवा चांगली असते, गड्ड्याची म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा असते, पोरांना बरं वाटेल. माझं मत एकदम उलटं आहे. सुट्टीला यायचं तर जानेवारीत या, पण कायमचं यायचं असेल तर एप्रिलच्या शेवटी नाहीतर मेच्या पहिल्या आठवड्यात सोलापुरात उतरा. एक तर स्टेट बोर्डाच्या शाळा जूनच्या मधे सुरू होतात, आणि दुसरं म्हणजे घर, पाणी, लाईट, शेजारी या सगळ्याचं खरं रूप इथं मे मधेच दिसतं. जानेवारीत बघितलेलं कुठलंही घर छानच वाटतं हो.

आम्ही टेक्सासमधून आलो, दोन पोरं, एक प्राथमिकचं आणि एक त्याहून लहान. तिकडं पण ऊन असतंच, पण तिथं माणूस एसी घरातून एसी गाडीत बसतो, इथं ४२-४३ डिग्रीत भाजी आणायला चालत जायचं असतं, त्यामुळे "आम्हाला उन्हाची सवय आहे" असं कुणाला सांगत बसू नका, हसतात लोक.

उतरायचं कुठं ते आधी सांगते. मुंबईच पाहिजे असं काही नाही. हैदराबादला उतरलात तर तिथून सोलापूर साधारण ३०० किमी, ६५ नंबरचा हायवे सरळ आपल्याकडं येतो. पुण्यातून अडीचशे. मुंबईहून सिद्धेश्वर आणि वंदे भारत दोन्ही गाड्या चांगल्या आहेत पण चौघांच्या आठ बॅगा घेऊन रेल्वेत चढायचं म्हणजे नको, मोठी गाडी ठरवा आणि पहाटेच निघा म्हणजे दुपारच्या आत घरात. बरेच वर्षांनी येणाऱ्यांसाठी एक गंमत, होटगी रोडला सिद्धेश्वर साखर कारखान्याची ती उंच चिमणी शोधू नका, विमानतळासाठी जून २०२३ मधे पाडली ती. विमानं सुरू झालीत, गोव्याचं २०२५ मधे सुरू झालं, पण छोट्या विमानात आठ बॅगांचं काही जमत नाही.

बॅगेत काय आणायचं नाही ते पण इथंच सांगून टाकते. तिकडचा मिक्सर, इन्स्टंट पॉट, टोस्टर, हेअर ड्रायर सगळं तिकडंच देऊन टाका. अमेरिकेत ११० ते १२० व्होल्ट असतात, इथं २३०, आणि तिकडचं ६० हर्ट्झ इथं ५०, स्टेप डाऊन ट्रान्सफॉर्मर लावून काही वस्तू चालतात पण त्या ट्रान्सफॉर्मरचं वजन आणि गरम होणं बघितलं की नवीन मिक्सरच परवडतो. लॅपटॉप आणि फोनच्या चार्जरवर १००-२४० लिहिलेलं असतं, ते बिनधास्त आणा, फक्त पिन बदलायची. कम्फर्टर, जाड चादरी, टॉवेल हे सोलापूरला घेऊन येणं म्हणजे काय बोलायचं, टॉवेल-चादरीच्या गावात टॉवेल आणणारे आपणच पहिले. आणायचं काय तर कागद. पोरांचे जन्माचे दाखले अपॉस्टिल (परदेशात चालावा म्हणून मारलेला सरकारी शिक्का) करून, मागच्या दोन वर्षांची रिपोर्ट कार्डं, शाळा सोडल्याचं पत्र, लसीकरणाचं रेकॉर्ड, तुमचे पगाराचे आणि टॅक्सचे कागद. हे सगळं हातातल्या बॅगेत, चेक-इनमधे नाही.

आता मुख्य विषय, पाणी. उजनी ११७ टीएमसीचं (अब्ज घनफूट) धरण आहे आणि शहराला तिथून पाणी येतं, पण म्हणून नळाला रोज पाणी येईल असं धरून चालू नका, बऱ्याच भागात ते दिवसांआड येतं, कुठं तीन, कुठं चार-पाच, आणि उन्हाळ्यात हा गॅप अजून वाढू शकतो. भाड्याचं घर बघायला गेलात की मालकाला विचारू नका, मालक "पाण्याचा काही प्रॉब्लेम नाही" असंच म्हणणार. शेजारच्या बाईंना विचारा, आणि नीट विचारा: नळ किती दिवसांनी येतो, किती वाजता येतो, किती वेळ असतो, प्रेशर वरपर्यंत चढतं का मोटर लावावी लागते, खाली हौद किती मोठा आहे, बोअर आहे का आणि मे मधे बोअरला पाणी राहतं का. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. मे मधे ज्या बिल्डिंगच्या दारात टँकर उभा नाही ती बिल्डिंग वर्षभर निवांत, हेच तर उन्हाळ्यात येण्याचं कारण.

हिशोब साधा आहे. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात. चौघांचे ५४०, पाच दिवसांचा गॅप धरला तर २७०० लिटर साठा लागतो. वर हजार लिटरची एक टाकी असेल आणि खाली हौद नसेल तर ते घर सोडून द्या, कितीही हवेशीर असू दे. त्यात कूलर चालवणार असाल तर तो पाण्याचा पाचवा माणूस धरा, कोरड्या हवेत मोठा कूलर दिवसभर चालला तर टाकी एकदा भरून भागत नाही. बोअरचं पाणी जड असतं, क्षार साचतात, शॉवरची भोकं बुजतात, केस झाडूसारखे होतात, त्यामुळे बोअरचं वरच्या वापराला आणि प्यायला नळाचं असं वेगळं ठेवा, नळाचं सुद्धा फिल्टर करून नाहीतर उकळून घ्या. पोरांना पहिला महिना बाहेरचं पाणी आणि रस्त्यावरच्या बर्फाचे गोळे बंद, रडू देत. उसाचा रस पाहिजेच असेल तर बिनबर्फाचा.

आणि पोरांना पाण्याच्या दिवशी कामाला लावा. नळ आला की बादल्या, हंडे, माठ भरायचं काम आमच्याकडं पोरांचं आहे, तिकडं ज्यांना नळ बंद करायला दहा वेळा सांगावं लागायचं ते इथं आठवडाभरात सुधारले.

घर कुठं घ्यायचं म्हणाल तर जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड, सात रस्त्याच्या आसपास, हे बहुतेक परत आलेले लोक बघतातच, आपापल्या बजेटनं ठरवा. वरच्या मजल्याचं मात्र दोनदा बघा, दुपारी तीनला एकदा आणि रात्री दहाला एकदा, कारण स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री उष्णता सोडत बसतो. वरचाच मजला मिळाला तर गच्चीवर चुना नाहीतर पांढरा कूल-रूफ पेंट मारून घ्या, खर्च कमी आहे आणि फरक कळतो. सकाळी नऊला खिडक्या-पडदे बंद, संध्याकाळी सातनंतर सगळं उघडं, इकडच्या सगळ्या आज्यांना हे माहितीये, आपण विसरलोय एवढंच. एसी का कूलर हा वाद घालू नका. एप्रिल-मे मधे हवा कोरडी असते तेव्हा कूलर मस्त चालतो, मात्र खिडकी थोडी उघडी पाहिजे. वळीव पडून हवा दमट झाली की तोच कूलर चिपचिप करतो, तेव्हा झोपायच्या खोलीत एसी लागतो. वळवाचा वारा सुटला की लाईट जाते हे पण धरून चाला, नवरा किंवा तुम्ही रात्री अमेरिकेच्या टायमिंगवर काम करणार असाल तर इन्व्हर्टर आणि दोन वेगळ्या कंपन्यांचं इंटरनेट पहिल्या आठवड्यातच घ्या.

सासूसासऱ्यांकडं उतरणार असाल तर तिथं किती दिवस राहणार ते आल्याआल्या बोलून घ्या. आमच्या सासूबाई चांगल्या आहेत, तरी दोन बायका एका ओट्यावर ४३ डिग्रीत म्हणजे कुणाचंही डोकं तापतं. महिना-दीड महिना एकत्र आणि मग त्याच भागात वेगळं घर, हे माझ्या मते सगळ्यात चांगलं. भेटायला येणारे विचारणारच, कायमचे आलात का, तिकडं नोकरी गेली का, इथं पोरांचं कसं होणार. एकच छोटं उत्तर ठरवा, घरातल्या सगळ्यांनी तेच द्यायचं. आणि तुळजापूरला आधी जाऊन या, ४५ किमी तर आहे, पहाटे गेलं की ऊन तापायच्या आत घरी, नाहीतर प्रत्येक नातेवाईक "देवीला जाऊन आलात का" विचारत राहतो.

जेटलॅगचा फायदा घ्या. पोरं पहाटे तीनला टक्क जागी असतात, त्यांना ओरडून झोपवू नका, साडेपाचला कंबर तलावावर नाहीतर सिद्धेश्वर तलावाकडं घेऊन जा. त्या वेळी सोलापूर खरंच सुंदर असतं, गार वारा, देवळात गर्दी नाही. येताना चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी थांबा, आमच्या थोरल्यानं विचारलं हे चौघं कोण, मग त्याच्या आजोबांनी त्याला १९३० च्या मार्शल लॉपासून १२ जानेवारी १९३१ च्या फाशीपर्यंत सगळं सांगितलं, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, चारही नावं आता त्याला पाठ आहेत. अकरा ते सहा पोरं घरात. त्या वेळात ताक, पन्हं, कलिंगड, झोप, पत्ते. कोरड्या हवेनं घोळणा फुटतो, घाबरू नका, पोराला बसवून मान थोडी पुढं करायची आणि नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं दाबून धरायचा, मान मागं टाकायची नाही. पोट बिघडलं तर ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, पूर्ण पाकीट पूर्ण लिटरमधे, अंदाजे नाही. अमेरिकेत बीसीजी (क्षयाची) आणि टायफॉइडची लस रुटीनमधे देत नाहीत, म्हणून पोरांच्या डॉक्टरला लसीचं कार्ड पहिल्याच भेटीत दाखवा.

शाळेचं. सीबीएसईचं वर्ष एप्रिलमधेच सुरू होतं, मे मधे सुट्टी लागते, म्हणजे तुम्ही पोहोचता तेव्हा पोरगं थोडं मागं असतंच, त्यामुळे सीट तिकडूनच ईमेल-फोनवर बोलून ठेवा. पहिलीला ३१ डिसेंबरला सहा पूर्ण लागतात, तिकडची ग्रेड सांगत बसू नका, जन्मतारीख सांगा. मराठीतून सुटका नाही, २०२० च्या कायद्यानं सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे. उन्हाळ्यात रोज अर्धा तास बाराखडी घ्या, पण खरं शिकतात ती खाली खेळायला गेल्यावर. सहानंतर बिल्डिंगच्या पोरांत सोडून द्या, एक मराठी बोलतो, एक तेलुगू, एक कन्नड, सगळे मिळून भांडतात मात्र सोलापुरीत. "का बे" घरी येणारच, आजीसमोर बोलायचं नाही एवढा नियम करा आणि सोडून द्या.

कागदपत्रांत पहिलं मोबाईल नंबर. जुना भारतातला नंबर बंद पडलेला असेल तर नवीन घेऊन आधारला जोडून घ्या, बँक, गॅस, टॅक्स, सगळं त्या ओटीपीवर अडतं. भारतीय पासपोर्ट असेल आणि आधार नसेल तर आल्याआल्या काढता येतं. अमेरिकन पासपोर्ट आणि ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं कार्ड) असलेल्या पोरांना मात्र मागच्या १२ महिन्यांत १८२ दिवस इथं राहिल्यावरच मिळतं, म्हणजे दिवाळीच्या सुमारास, हे शाळेला अॅडमिशनच्या वेळीच सांगून ठेवा म्हणजे दर आठवड्याला "आधार आणा" येत नाही.

पैशाचं थोडक्यात, बाकी सीएला विचारा. कायमचे आलात की एनआरई (परदेशात राहणाऱ्या भारतीयांचं) खातं तसंच ठेवता येत नाही, बँकेला कळवून रेसिडेंट करायचं, डॉलर डॉलरमधेच ठेवायचे असतील तर आरएफसी म्हणजे परत आलेल्यांचं परकीय चलनाचं खातं. मे मधे आलात तर त्या आर्थिक वर्षात १८२ दिवस आरामात भरतात म्हणून तुम्ही रेसिडेंट, पण मागच्या दहापैकी नऊ वर्षं एनआरआय असाल किंवा मागच्या सात वर्षांत इथं ७२९ दिवस किंवा त्याहून कमी राहिला असाल तर आरएनओआर (रेसिडेंट, पण पूर्ण नाही, अशी मधली पायरी) धरतात आणि तिकडच्या उत्पन्नावर सहसा इथं टॅक्स लागत नाही. ग्रीन कार्ड किंवा तिकडचं नागरिकत्व असेल तर अमेरिकेचा रिटर्न चालूच.

पावसावर काय टाकायचं, म्हणजे पाऊस सुरू होईपर्यंत काय लांबवायचं? विकतचा फ्लॅट, मोठं फर्निचर, चारचाकी. उन्हात या तिन्हीची घाई करणारे नंतर पस्तावत बसतात. जून संपेपर्यंत एक स्कूटर पुरते. त्यासाठी लायसन बघा: जुनं भारतीय लायसन संपून एक वर्ष झालं नसेल तर साधं रिन्यू होतं, वर्ष उलटलं असेल तर परत टेस्ट द्यावी लागते, आणि टेस्टला सकाळचा स्लॉट घ्या, दुपारी बाराला त्या ट्रॅकवर उभं राहायचं नाही.