चाळिशीनंतरचे मनातले बदल कसे ओळखावेत आणि पुढची वर्षे कशी आखावीत

चाळिशी ते पासष्टी या वर्षांत मनात होणाऱ्या बदलांचे खापर आपण बहुधा वयावर फोडतो. मध्यवयातल्या मानसिक पेचाची कल्पना एलियट जॅक्स या मनोविश्लेषकाने १९६५ साली मांडली आणि ती इतकी पसरली, की चाळिशी ओलांडलेला प्रत्येक जण कधी ना कधी खचणारच, असा समज रूढ झाला. पुढच्या मोठ्या पाहण्यांत मात्र असा पेच थोड्याच लोकांच्या वाट्याला येतो आणि त्याचे मूळही पुष्कळदा वयात नसून नोकरी जाणे, आजारपण किंवा जवळच्या माणसाचा मृत्यू अशा एखाद्या घटनेत असते, असे आढळले. म्हणून अस्वस्थता जाणवू लागली, की आधी नेमके काय बदलले याची नोंद करावी.

त्यासाठी साधी वही पुरते. गेल्या दोन वर्षांत शरीरात, घरात आणि कामात झालेले बदल वेगवेगळ्या पानांवर, शक्यतो महिन्यासह लिहावेत. सोलापूर शहरात अशोक चौकाकडच्या किंवा जुळे सोलापुरातल्या एखाद्या घरात पन्नाशीजवळ आलेल्या गृहिणीची पाळी अनियमित झालेली असते, मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेलेला असतो आणि गुडघ्यांनी साथ सोडल्यामुळे सासूबाईंजवळ दिवसभर कोणीतरी लागते. हे सारे एकाच वर्षात येते, आणि ती बाई मात्र ‘माझा स्वभावच चिडका झालाय’ एवढेच म्हणते. घरचेही माना डोलावतात. कागदावर या गोष्टी सुट्या झाल्या, की पहिलीसाठी डॉक्टर, दुसरीसाठी नवी दिनचर्या आणि तिसरीसाठी दीर-नणंदांशी स्पष्ट बोलणे असे निरनिराळे उपाय दिसू लागतात. म्हाताऱ्या माणसांची सेवा एकट्या सुनेनेच करावी, असा कोणताही नियम नाही.

शरीराचे पान आधी हाती घ्यावे. भारतात बहुतेक स्त्रियांची पाळी साधारणपणे चाळिशीच्या उत्तरार्धात थांबते. त्याआधीची काही वर्षे संप्रेरकांच्या चढउतारांमुळे अंगातून वाफा निघाल्यासारखे वाटणे, रात्री घामाने झोप मोडणे, उगाच रडू येणे असे त्रास होऊ शकतात. सलग बारा महिने पाळी आली नाही म्हणजे रजोनिवृत्ती झाली असे मानतात, आणि त्यानंतर थोडाही रक्तस्राव झाला तर विलंब न करता स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे. थकवा टिकून राहिला, तर स्त्री असो वा पुरुष, रक्तदाब, साखर, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन यांची तपासणी करून घ्यावी, कारण थायरॉइड मंदावल्याने किंवा रक्त कमी झाल्याने येणारा गळाठा नैराश्यासारखाच दिसतो.

खरे नैराश्यही याच वयात येऊ शकते. दोन आठवड्यांहून अधिक काळ बहुतेक दिवस मन उदास राहिले, आवडीच्या कामातही रस उरला नाही, झोप आणि भूक बिघडली, तर ते सोसत बसण्याचे कारण नाही. पुरुषांच्या बाबतीत विशेष लक्ष ठेवावे, कारण त्यांचे दुःख अनेकदा रडण्यातून नव्हे, तर चिडचिडीतून आणि वाढत्या दारूतून बाहेर पडते. ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्यासाठीच्या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस विनामूल्य चालतो. मरणाचे विचार कोणी बोलून दाखवले, तर त्या माणसाला एकटे न सोडता त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.

‘आता डोके चालत नाही’ हे वाक्यही तपासून घ्यावे. मानसशास्त्रज्ञ वॉर्नर शाय यांनी अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल येथे १९५६ साली सुरू केलेल्या दीर्घ अभ्यासात असे दिसले, की झटपट पाहून ओळखण्याचा वेग तरुणपणानंतर लवकरच उतरू लागतो, परंतु शब्दांची समज आणि तर्काने निष्कर्ष काढण्याची क्षमता अनेकांमध्ये मध्यवयातच सर्वाधिक असते. तेव्हा दुकानाचा हिशेब मोबाइलवर ठेवायला शिकताना मुलाच्या वेगाशी बरोबरी करू नये. एका वेळी एकच क्रिया वहीत लिहून घ्यावी आणि ती काही दिवस रोज स्वतःच्या हाताने करावी. मुलगा फोन हातातून काढून घेऊन काम उरकत असेल, तर त्याला तिथेच थांबवावे.

मुले पुण्याला गेली, की नवरा-बायकोमध्ये बोलायला विषय उरत नाही, असे अनेक घरांत होते. दोघांनी मिळून रोज एखादी गोष्ट करावी, मग ती सिद्धेश्वर तलावाकाठची फेरी असली तरी चालेल. आई-वडिलांच्या बँक खात्यांवरचे वारसदार, औषधे आणि मृत्युपत्र यांविषयी ते धडधाकट असतानाच बोलावे.

या वयातले सर्वांत महत्त्वाचे काम मला निराळेच वाटते. मनोविश्लेषक एरिक एरिक्सन यांनी १९५० साली मांडलेल्या आयुष्याच्या आठ अवस्थांपैकी सातवी अवस्था मध्यवयाची आहे. पुढच्या पिढीसाठी काही घडवण्याची ओढ माणसाला या काळात लागते आणि ती पुरी झाली नाही, तर तो स्वतःच्याच चिंतांमध्ये साचून राहतो, असे त्यांचे म्हणणे आहे. सोलापुरात या ओढीची एक मोठी कोंडी होते. नक्षी विणणाऱ्या जकार्ड मागावर चादर विणणाऱ्याच्या मुलाला माग नको असतो, आणि विड्या वळून संसार उभा केलेल्या आईला तर मुलीच्या मांडीवर विड्या वळायचे ते सूप मुळीच यायला नको असते. मुलांनी दुसरी वाट धरावी हे योग्यच आहे, तरीही ‘माझ्याबरोबर हे संपणार’ ही हुरहुर राहते आणि ती बोलून दाखवणे अनेकांना कृतघ्नपणाचे वाटते.

यावर उपाय असा, की धंदा आणि शहाणपण यांना वेगळे करावे. लोक आपल्याला कशाविषयी विचारायला येतात, ते आठवून लिहावे. बोटांनी सुताचा कस ओळखणाऱ्या विणकराकडे मालाची पारख असते, आणि हजार विड्यांमागे मिळणाऱ्या मजुरीचा हिशेब वर्षानुवर्षे चोख ठेवलेली बाई बचत गटाच्या खजिनदारणीला घडवू शकते. यातली एकच गोष्ट निवडावी आणि ती शिकवण्यासाठी शक्यतो स्वतःच्या मुलाऐवजी गल्लीतला, गटातला किंवा नात्यातला दुसरा कोणी शोधावा, कारण आपल्या मुलाला शिकवताना अपेक्षा आणि जुने रुसवे मध्ये येतात. संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेआधी नंदीध्वजांचा सराव चालतो, तेव्हा ती उंच काठी तोलण्याची हातोटी जुनी माणसे तरुणांना अशीच देत असतात.

आठवड्यातला एक तास ठरवून तीन महिने हा प्रयोग करावा. शिकणाऱ्याला चुका करू द्याव्यात आणि त्याने विचारल्याखेरीज आपल्या वेळच्या हालअपेष्टा सांगू नयेत. तेवढ्या काळात जमले नाही, तर विषय किंवा माणूस बदलावा, पण तो तास तसाच राखून ठेवावा.