टँक म्हणजे टाकी नव्हे: टेक्ससच्या रानातली एक्स्टेन्शनची नोकरी

नोकरीच्या दुसऱ्याच आठवड्यात एका आजोबांचा फोन आला. "माझ्या टँकमध्ये हिरवळ माजलीय, काय टाकू?" माझ्या डोळ्यांसमोर गच्चीवरची काळी टाकी. मी विचारलं, "झाकण नीट बसतंय ना?" पलीकडे बराच वेळ शांतता. टेक्ससमध्ये गुरांना पाणी मिळावं म्हणून बांध घालून केलेल्या तळ्याला टँक म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. पुस्तकात सगळीकडे 'पाँड' होतं.

रान, वन्यजीव किंवा मत्स्यशास्त्र शिकायला इकडे येणारी बरीच मराठी मुलं विचारतात, संशोधन सोडून आणखी काय करता येतं? एक्स्टेन्शन करता येतं, म्हणजे विद्यापीठातलं ज्ञान शेतकऱ्यांपर्यंत आणि जमीनमालकांपर्यंत नेण्याचं काम. आपल्याकडे कृषी पदवीला 'विस्तार शिक्षण' हा विषय असतो. परीक्षेपुरता वाचून आपण तो विसरतो. इथे त्यावर माणसांची अख्खी कारकीर्द उभी राहते. 1862 च्या कायद्याने राज्याराज्यांत लँड ग्रँट, म्हणजे सरकारने दिलेल्या जमिनीच्या आधारावर उभी राहिलेली, विद्यापीठं निघाली आणि 1914 च्या स्मिथ-लिव्हर कायद्याने त्यांचं ज्ञान शेतापर्यंत पोचवणारी यंत्रणा उभी राहिली. तिचं मूळ टेक्ससमध्येच आहे. 1903 मध्ये टेरेल गावाजवळच्या पोर्टर यांच्या शेतावर सीमन नॅप या कृषितज्ज्ञांनी प्रात्यक्षिक घेतलं. नॅप यांचं म्हणणं असं, की सांगून शेतकरी बदलत नाही, स्वतःच्या वावरात स्वतःच्या हाताने करून पाहिलं की बदलतो.

टेक्ससची पंचाण्णव टक्क्यांच्या आसपास जमीन खासगी आहे. हरीण मात्र मालकाचं नाही, कायद्याने ते राज्यातल्या जनतेचं. म्हणजे हरीण सगळ्यांचं, पण ते ज्या झुडपाखाली बसतं ते झुडूप आणि तिथवर जाणारं फाटक एका माणसाचं. त्याने फाटक उघडलं नाही तर तुमच्या पदव्या रस्त्यावरच राहतात. शिवाय आम्ही तपासणीला येणारे नव्हेत. शिकारीचे नियम पाळायला लावणारा गेम वॉर्डन वेगळा, आम्ही वेगळे. हे पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगावं लागतं, कारण आपल्या जमिनीवर एखादा संरक्षित पक्षी सापडला तर सरकार हात बांधेल, अशी भीती पुष्कळांच्या मनात असते.

अभ्यासात कशावर जोर द्यावा? गवतं आणि झुडपं ओळखण्यावर. आकडेमोड, नकाशे, सॉफ्टवेअर नंतरही येतं. गवत मात्र गुडघे टेकून बसल्याशिवाय येत नाही. इथे ज्याला 'सीडर' म्हणतात तो खरं तर ज्युनिपर, एक सदाहरित झाड. त्यातला ॲश ज्युनिपर सगळ्यांत खालच्या हिरव्या फांदीच्या खाली कापला की संपला. रेडबेरी ज्युनिपर पुन्हा फुटतो. मेस्किट या काटेरी झाडाचे डोळे तर जमिनीखाली असतात. वरून तोडलात तर एका खोडाची दहा खोडं होतात, आणि मालक पुढची काही वर्षं तुमचं नाव घेऊन तोडत बसतो. आपल्याकडची वेडी बाभूळ याच मेस्किटची बहीण, त्यामुळे हा धडा मला लवकर पटला. बरं, सगळा सीडर काढून टाका, असंही सांगता येत नाही. गोल्डन-चीक्ड वॉर्बलर नावाचा पक्षी फक्त टेक्ससमध्ये घरटं करतो आणि त्यासाठी त्याला जुन्या ॲश ज्युनिपरच्या सालीच्या पट्ट्याच लागतात.

आता एक काम जवळून दाखवते. मालकाचा नेहमीचा प्रश्न: "माझ्या रानात किती गाई बसतील?" आम्ही एक कडं घेऊन जातो. परीघ साधारण अकरा फूट, आतलं क्षेत्र 9.6 चौरस फूट. कडं रानात टाकायचं, आतलं गवत जमिनीलगत कापायचं, वाळवायचं, वजन करायचं. जितके ग्रॅम भरले त्याला दहाने गुणलं की एकरी पौंड निघतात. कड्याचं क्षेत्र 9.6 ठेवलंय ते या सोयीसाठीच. समजा 200 ग्रॅम भरले, म्हणजे एकरी 2000 पौंड. मालक लगेच भागाकार करायला लागतो. थांबवायचं. अर्धं गवत मुळांसाठी आणि मातीसाठी उभं ठेवायचं. उरलेल्यातलं बरंच तुडवलं जातं, शेणाखाली जातं, किडे खातात. गाईच्या तोंडात जेमतेम पाव भाग, म्हणजे 500 पौंड. हजार पौंडी गाय दिवसाला सुमारे 26 पौंड सुका चारा खाते, वर्षाला साडेनऊ हजारांच्या आसपास. म्हणजे एका गाईला एकोणीस एकर. हा आकडा ऐकून मालकाचा चेहरा पडतो, कारण त्याच्या रानात बहुधा दुप्पट गाई असतात. अशा वेळी गप्प बसायचं. मी आधी लगेच उपाय सांगायला लागायचे. माझ्या वरिष्ठांनी एकदा गाडीत शांतपणे विचारलं, "त्यांना त्या जमिनीतून काय हवंय, हे तू विचारलंस का?" नव्हतं विचारलं. त्या दिवशीच्या मालकीणबाईंना गाईंतून पैसे नकोच होते. वडिलांच्या काळासारखे बॉबव्हाइट लावे पुन्हा दिसावेत, एवढीच त्यांची इच्छा होती. लाव्यांना घरट्यासाठी बास्केटबॉलएवढे गवताचे झुबके लागतात. तेव्हा गाई कमी करण्याचं कारण त्यांच्या स्वतःच्याच मनात तयार होतं. मी मात्र अर्धा तास चाऱ्याच्या पौंडांवर बोलत होते.

तळ्याच्या बाबतीत माझ्याकडून याहून मोठी चूक झाली. पहिल्याच उन्हाळ्यात एका जोडप्याचं तळं पाणवनस्पतींनी भरलं होतं. वनस्पती मी बरोबर ओळखली, औषधही बरोबर सांगितलं. 'एका वेळी तिसऱ्या हिश्श्यातच मारा, मग दहा-बारा दिवस थांबा' हे वाक्य मात्र मी छापील पत्रकावर सोडून दिलं. त्यांनी एकाच दिवसात सगळं तळं उरकलं. मेलेली वनस्पती कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेते, त्यात गरम पाण्यात तो मुळातच कमी मावतो. सगळ्यांत खालची पातळी येते पहाटे, कारण रात्री प्रकाशसंश्लेषण बंद असतं. दोन-चार दिवसांनी सकाळी फोन आला. काठाशी मोठमोठे बास मासे उलटे तरंगत होते. अशा वेळी मोठे मासे आधी जातात. काका ओरडले नाहीत. म्हणाले, "नातू येणार होता गळ टाकायला." तेव्हापासून महत्त्वाचं वाक्य मी समोरच्याकडून परत म्हणवून घेते. थोडं शाळामास्तरी वाटतं, वाटू दे.

कराचा भाग कंटाळवाणा आहे, पण शिकून घ्या, कारण निम्मे फोन त्यावरून येतात. 1995 मध्ये टेक्ससच्या मतदारांनी राज्यघटनेत दुरुस्ती केली. शेतीच्या सवलतीत कर भरणारी जमीन तेव्हापासून तीच सवलत राखून वन्यजीव व्यवस्थापनाकडे वळवता येते. अट अशी, की ठरवून दिलेल्या सात कामांपैकी किमान तीन करायची: अधिवास सुधारणं, धूप रोखणं, शिकारी प्राण्यांवर नियंत्रण, पाणी, खाद्य, निवारा आणि गणना. कोणी केवळ करासाठी आला तरी नाक मुरडू नका. असाच आलेला एक गृहस्थ आता दर वसंतात पक्ष्यांची वही भरतो आणि मला तिची पानं पाठवतो.

कार्यशाळांचंही तसंच. खोली भरलेली पाहून नवखा फुशारतो. खरी गोष्ट अशी, की तणनाशकाचा परवाना असणाऱ्या खासगी मालकाला पाच वर्षांत पंधरा शिक्षण-तास भरावे लागतात, आणि अर्धी खोली त्या तासांसाठी बसलेली असते. मी तासाचं भाषण वीस मिनिटांवर आणलं आणि लोकांना बाहेर गवतात नेलं. प्रश्न तिथेच येतात, तेही हळू आवाजात, शेजारी ऐकत नाही असं पाहून.

कागदी तयारीबद्दल थोडक्यात. विद्यार्थी असतानाच द वाइल्डलाइफ सोसायटी या वन्यजीव तज्ज्ञांच्या संघटनेच्या प्रमाणपत्राला लागणारे विषय तपासून निवडा, मागाहून भरून काढणं महाग पडतं. रान मुद्दाम, आग ताब्यात ठेवून जाळतात त्या दिवशी हात लावायला मिळेल तितक्या वेळा जा. वारा आणि हवेतली आर्द्रता यांचा अंदाज वर्गात बसून येत नाही. स्पॅनिश थोडी तरी शिका, कारण जमीन एकाच्या नावावर असते आणि तारा ओढणारा, गुरं हाकणारा बहुतेकदा दुसरा असतो. गाडी चालवता आलीच पाहिजे. संध्याकाळ आणि शनिवार स्वतःचे राहत नाहीत, हे घरी आधीच सांगून ठेवा.

आणि फाटक. उघडं दिसलं तर उघडं ठेवा, बंद दिसलं तर आत शिरून लगेच बंद करा. पहिल्या महिन्यात मी चांगुलपणाने एक उघडं फाटक लावून घेत होते. वरिष्ठांनी गाडीतूनच हाक मारली. गुरांची पाण्याला जायची वाट तीच होती.