इन्स्ट्रक्शनल डिझाइन शिकताय? आधी काम बघायला जा

इन्स्ट्रक्शनल डिझाइनमध्ये, म्हणजे प्रशिक्षणाचे कोर्स आखण्याच्या कामात, येऊ पाहणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कुठलं सॉफ्टवेअर शिकू? स्टोरीलाइन काय, कॅप्टिव्हेट काय, रोज वापरलं की हात बसतो. शिकणाऱ्याला प्रत्यक्षात काय करता यायला हवं, हे शोधून काढणं मात्र अवघड, आणि पगार त्याचाच मिळतो.

मी शिकवण्याच्या नोकरीतून इकडे आले. अभ्यासात अ‍ॅडी (ADDIE) भेटलं, म्हणजे कोर्स घडवण्याचे पाच टप्पे: विश्लेषण, आराखडा, निर्मिती, अंमलबजावणी, मूल्यमापन. १९७५ मध्ये फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात अमेरिकी लष्करासाठी ही पद्धत बांधली गेली. परीक्षेपुरतं पाच शब्द पाठ झाले तरी चालतं, पण यातल्या विश्लेषणाचा खरा अर्थ मला एका दूध संकलन केंद्रावर कळला.

काम होतं केंद्रावरच्या नव्या मुलांसाठी मोबाइलवरचा कोर्स तयार करायचं. विषयतज्ज्ञांकडून आलेल्या माहितीत दुधातले घटक, जिवाणू, स्वच्छतेचे नियम, सगळं होतं आणि सगळं बरोबर होतं. तरी मी पहाटे केंद्रावर जाऊन उभी राहिले. रांग लागलेली, टेम्पोची घाई. एक शेतकरी काउंटरवर हात टेकून विचारत होता, "काल फॅट चार लागली, आज साडेतीन कशी?" दर फॅट (स्निग्धांश) आणि एसएनएफवर (स्निग्धांश सोडून दुधातले बाकीचे घन घटक) ठरतो, त्यामुळे प्रश्न थेट त्याच्या पैशांचा होता. काउंटरवरचा मुलगा गप्प. त्याने कॅन न ढवळता नमुना घेतला होता. दूध स्थिर राहिलं की स्निग्धांश वर येतो, म्हणून न ढवळता घेतलेल्या नमुन्याचा आकडा भरवशाचा नसतो.

त्यावरून उद्दिष्ट लिहिलं: गर्दीच्या वेळी, प्रत्येक कॅन ढवळूनच नमुना घेणे, एकही न वगळता. शिक्षणतज्ज्ञ रॉबर्ट मेगर यांनी १९६२ मध्ये मांडलेले उद्दिष्टाचे तीनही भाग यात आहेत: कृती, परिस्थिती, निकष. 'दुधाच्या गुणवत्तेची माहिती होईल' असलं उद्दिष्ट लिहाल तर ते तपासणार कसं? 'समजेल', 'माहीत होईल' ही क्रियापदं सरळ खोडा.

मग कोर्सची सुरुवात त्याच शेतकऱ्याच्या प्रश्नाने केली. शिकणाऱ्याने उत्तर निवडायचं, त्याचा परिणाम बघायचा, आणि मगच कारण वाचायचं. जिवाणूंचा भाग वगळला नाही. भांडी धुण्याच्या प्रसंगात, जिथे तो लागतो तिथे नेला. तज्ज्ञांना हे पटवायला वेळ लागला. त्यांच्याशी वाद घालू नका, "हे माहीत नसेल तर मुलगा कुठे चुकेल?" एवढंच विचारा. काय ठेवायचं ते तेच सांगतात.

कोर्स आवडला का आणि चाचणीत गुण किती, ही प्रशिक्षणाचं मूल्यमापन करण्याच्या, कर्कपॅट्रिक यांनी मांडलेल्या चार पातळ्यांपैकी पहिली दोनच. तिसरी, म्हणजे कामावरचं वागणं, बघायला पुन्हा केंद्रावरच जावं लागतं. कंपन्या तिथे हात आखडता घेतात. तुम्ही तरी मागणी लावून धरा.

पदवी हवी असेल तर मुंबईत एसएनडीटी महिला विद्यापीठाचा शैक्षणिक तंत्रज्ञान विभाग आहे. पोर्टफोलिओसाठी मात्र कुणाची वाट बघू नका. ओळखीच्या दुकानातलं, दवाखान्यातलं किंवा सोसायटीतलं एक काम धरा, ते करणाऱ्याला बघा आणि पाच मिनिटांचा धडा करा. सोबत तुमची निरीक्षणं आणि धड्याचा पहिला कच्चा खर्डाही जोडा. मुलाखत घेताना मी तीच पानं आधी उघडते.