झेइनचे नॅनोकण करताय? मग या चुका टाळा

झेइन म्हणजे मक्यातलं प्रोटीन. पाण्यात विरघळत नाही, ७०-८० टक्के इथेनॉलमध्ये विरघळतं, आणि ते द्रावण पाण्यात झटक्यात मिसळलं की नॅनोकण होतात. एवढं वाचून पोरं थेट बीकर उचलतात आणि मग मला फोटो येतो, सर हे काय झालं.

बहुतेक वेळा उलटं ओतलेलं असतं. म्हणजे झेइनच्या द्रावणात पाणी, तेही थेंब थेंब. मागच्या पावसाळ्यात इथं कोल्हापुरात आमच्या लॅबमध्ये एका पोरानं हेच केलं, मी चहा पिऊन आलो तर मॅग्नेटिक बीडला, म्हणजे बीकरमध्ये फिरून ढवळणाऱ्या चुंबकाच्या तुकड्याला, पिवळा चिकट गोळा, गुऱ्हाळात कढईच्या कडेला गूळ धरतो ना तसा, बीड जागच्या जागी थरथरतोय आणि हे विचारतंय स्पीड वाढवू का. अरे लेका, स्पीडनं काय होणार आता! पाणी हळूहळू घातलं की मधल्या टप्प्यात झेइन धड विरघळलेलं नसतं, धड बाहेरही पडलेलं नसतं, तिथंच ते एकमेकाला चिकटतं. जास्त पाण्यात द्रावण भसकन सोडलं तर सगळीकडं एकदम कण सुरू होतात, मोठं व्हायला माल उरत नाही. मी चौपट पाणी घेतो, जोरात ढवळतो आणि झेइनच्या सिरिंजची सुई पाण्यात बुडवून भोवऱ्याजवळ द्रावण सोडतो. मध्ये थांबायचं नाही, सुईच्या तोंडाशी झेइन जमून ती बंद होते.

शुद्ध इथेनॉल भारी म्हणून वापरू नका, त्यात झेइन नीट विरघळतच नाही. पाणी नळाचं नको, बोअरचं तर नकोच, कणांना एकमेकांपासून लांब ठेवणारा त्यांच्यावरचा विद्युतभार, म्हणजे चार्ज, क्षारांनी दबतो.

पीएचची चूक मात्र माझी स्वतःची. पीएच ४ ला मस्त दुधाळ सस्पेन्शन होतं, मला ते ७ ला हवं होतं, म्हणून कॉस्टिक सोडा घालत गेलो. ६ च्या आसपास पोचलो आणि फुटलेल्या दुधासारखं झालं, कारण झेइनचा चार्ज साधारण ६.२ ला शून्य होतो. आता ७ ला हवं असेल तर पाण्यात आधीच सोडियम केसिनेट, म्हणजे दुधातल्या केसीन प्रोटीनचं विरघळणारं रूप, घालतो, ते कणांना चिकटू देत नाही. पण मग ते आंबट करायचं नाही, केसीन पीएच ४.६ ला साकळून तळाशी बसतं.

टी आकाराच्या नळीजोडाला एक झेइनची आणि एक पाण्याची अशा दोन सिरिंज लावून हातानं दाबणाऱ्यांनो, दोन्ही अंगठे सारखे चालत नाहीत, पंप लावा. आणि समसमान मिसळलं तर बाहेर ४० टक्के इथेनॉल राहतं, म्हणजे परत तोच चिकटायचा मधला टप्पा, म्हणून धार लगेच पाण्यात पडू दे.

शेवटी इथेनॉल उडवून काढताना रोटरी इव्हॅपोरेटरचा व्हॅक्यूम एकदम ओढू नका. फेस चढून सगळं कंडेन्सरमध्ये जातं, आणि तो धुवायचा तुम्हालाच आहे.